‘त्या एनएसएसनं हिला बिघडवलं’

आईवडील मुलांना घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा तक्रार बहुधा मोबाईलची असते, नाहीतर संगतीची. पण अधूनमधून एखादं घर असंही येतं, ज्याला मुलाच्या चांगुलपणाचीच धास्ती वाटते. कॉलेजात असताना एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, शिबिरांना गेला, सेवेचं खूळ डोक्यात शिरलं, आता व्यवहार कळत नाही. नोकरीत टिकेल का? लग्न जमेल का? असं विचारणाऱ्यांना मी हसण्यावारी नेत नाही. त्यांनी जग पाहिलेलं असतं. त्यांच्यासाठीच ही एका मुलीची हकीकत. तिच्या संमतीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी सत्तावीस वर्षांची, अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत अधिकारी. वडील जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. खुर्चीवर टेकायच्या आत आईनं सुरुवात केली, “मॅडम, त्या एनएसएसनं हिला बिघडवलं. चांगलं स्थळ आलं होतं, ते हिनं घालवलं. आता नोकरीही सोडते म्हणते.” वडील गप्प होते. मुलगी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होती.

एकटीशी बोलल्यावर वेगळंच कळलं. गेला दीड महिना झोप नाही. रविवारी संध्याकाळपासून पोटात आग पडते, सोमवारी सकाळी उलटी होते. बँकेच्या पायऱ्या चढताना हातांना घाम सुटतो. अशा वेळी मी आधी शरीराची तपासणी करून घ्यायला सांगते आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारते. विचारल्यानं ते विचार डोक्यात भरतात, असं अजिबात नाही. तिला तसे विचार येत नव्हते. ज्यांना येत असतील त्यांनी माझ्यासारखीची वेळ मिळेपर्यंत थांबू नये, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक रात्रीबेरात्रीही लागतो.

मग तिनं एका शेतकऱ्याबद्दल सांगितलं. मे महिन्यात पीककर्जाच्या नूतनीकरणाला गर्दी असते. सातबारा, आठ-अ घेऊन माणसं सकाळपासून रांगेत. त्यातच शाखेला आयुर्विम्याचं टार्गेट. साठीला आलेले एक काका तिच्या टेबलाशी आले. कर्ज दीड लाखाच्या आसपास. तिनं त्यांना वर्षाला तीस हजार हप्त्याची, दहा वर्षं भरायची पॉलिसी दिली. काकांनी कागद वाचला नाही. “बाई, तुम्ही सांगता म्हन्जे चांगलंच असन,” म्हणाले आणि सही केली.

ते तिच्या शिबिराच्या गावचे होते. त्यांच्या अंगणाशेजारच्या हातपंपापाशी हिनं आणि हिच्या गटानं सांडपाणी जिरवायला शोषखड्डा खणला होता. काकांनी तिला ओळखलं नव्हतं. तिनं ओळखलं होतं.

इथं त्या शिबिराबद्दल थोडं सांगायला हवं. राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास काम आणि एखाद्या दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर, असा तिचा सांगाडा. पुष्कळ मुलं ग्रेस मार्कांसाठी नाव घालतात. हीसुद्धा त्यासाठीच गेली होती, तिनंच हसत सांगितलं. शिबिर डिसेंबरात. 20 डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी, त्यामुळे आमच्या भागात त्या दिवसांत खराट्यांना आपसूकच मान असतो. पहाटे प्रभातफेरी, दुपारपर्यंत श्रमदान, मग गटचर्चा, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, रात्री पथनाट्य.

मी तिला शोषखड्ड्याबद्दल खोदून विचारलं. तत्त्वांबद्दल विचारलं की मुलं भाषण करतात, खड्ड्याबद्दल विचारलं की खरं बोलतात. मीटरभर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. तळाला मोठे दगड, त्यावर लहान, वर बारीक खडी. मुरुमात टिकाव लागेना तेव्हा रडायला आलं होतं. पण पहिले दोन दिवस त्यांनी खणलंच नव्हतं. कार्यक्रमाधिकारी सरांनी त्यांना नुसतं घरोघर पाठवलं होतं. ओट्यावर बसा, चहा घ्या, सांडपाणी कुठं जातं ते बघा, काय अडचण आहे ते घरातल्या बायांना विचारा. खणताना एक टिकाव मारी, एक घमेलं भरी, बाकीच्यांची रांग घमेलं पुढे देई. आणि रोज रात्री आढावा. आज काय झालं, कुठं चुकलं, उद्या कोण काय करणार. चुकलेल्याची कानउघाडणी नसे, फक्त उद्याचं काम ठरे.

हे सांगताना तिचा आवाज बदलला होता. मी म्हटलं, “बेटा, पॉलिसी दिलीस त्या दिवशी मनात काय चाललं होतं?”

ती म्हणाली, “शाखेचा आकडा कमी पडला असता तर सगळ्यांना बोलणी बसली असती. मॅनेजर सरांच्या घरी आजारपण चालू होतं. वाटलं, माझ्या एकटीच्या तत्त्वापायी बाकीच्यांना कशाला त्रास?” जरा थांबून पुढे म्हणाली, “माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी. आमच्या एनएसएसच्या बॅजबरोबर हेच ब्रीद शिकवलं होतं ना.”

आईचं निदान इथं पुरतं उलटं पडत होतं. मुलगी हट्टी झाल्यामुळे आजारी नव्हती. ती नको तिथं नमली होती. स्वतःला मागे ठेवण्याची शिकवण तिनं इतकी अंगाला लावून घेतली की साहेबाला नाही म्हणणंही तिला स्वार्थ वाटलं, आणि त्यापायी जो माणूस खरोखर ‘तुम्ही’ होता, तोच नजरेआड झाला. मूल्यशिक्षणाच्या कार्यक्रमांवर माझा आक्षेप असलाच तर तो हा आहे. द्यायला ते फार छान शिकवतात. नाही म्हणायला शिकवायचं मात्र बहुतेक ठिकाणी राहूनच जातं, आणि गुणी मुलींच्या बाबतीत घरानंही ते शिकवलेलं नसतं.

तिला होत होतं त्याला नुसती चिंता म्हणून भागलं नसतं. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी 1990 च्या दशकात नैतिक जखमेची कल्पना मांडली. आपल्याला जे योग्य वाटतं त्याच्याविरुद्ध काहीतरी आपल्या हातून घडलं, किंवा वरच्यांनी घडवलं, की माणूस आतून मोडतो. रणांगण आणि बँकेचं टेबल यांची बरोबरी मी करत नाही. पण अशा दुखण्याला ‘एवढं मनावर घेऊ नकोस’ हे औषध लागू पडत नाही. झालेलं सावरता येतं का, ते आधी बघावं लागतं.

म्हणून मी तिला रात्रीचा आढावा घ्यायला लावला, शिबिरातल्यासारखाच. काय झालं, कुठं चुकलं, उद्या कोण काय करणार. दीड महिना ती दुसऱ्या प्रश्नावरच अडकली होती. तिसऱ्यावर आली तेव्हा तिनं स्वतःच विचारलं, “पॉलिसीचा कागद त्यांना कधी मिळाला असेल?” दुसऱ्या दिवशी तिनं तारीख काढली. बरंच रेंगाळून, वीसेक दिवसांपूर्वी. आता आयुर्विम्याची पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. मुद्रांक, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचे पैसे कापून बाकी हप्ता परत मिळतो. कर्ज हवं तर विमा घ्याच, अशी सक्ती बँकेला करता येत नाही, हेही तिला पाठ होतं. बँकेतली मुलगी, तिला मी काय सांगणार? अपराधाच्या ओझ्याखाली तिला स्वतःचंच काम आठवेनासं झालं होतं.

साहेबांशी बोलायची मात्र तालीम करावी लागली. मी साहेब झाले. पहिल्या खेपेला ती रडली, दुसऱ्या खेपेला तिनं मला नीतिमत्तेवर व्याख्यान दिलं. दोन्ही उपयोगाचं नव्हतं. शेवटी वाक्य ठरलं ते असं : “सर, एक ग्राहक पॉलिसी परत करणार आहेत. त्यांना ती झेपणारी नाही. अर्ज मी भरून घेते आहे.” दोष कुणाचाच काढायचा नाही. परवानगीही मागायची नाही.

ती काकांच्या घरी गेली, ओट्यावर बसली, हप्त्याचा हिशेब त्यांच्या सुनेसमोर मांडला आणि चूक आपली होती हे सांगितलं. पैसे परत आले. साहेब चिडले आणि काही दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. शाखेत आपल्या बाजूचं कुणीच नाही, असं ती म्हणत होती. मग लक्षात आलं की एक जुने क्लार्क म्हाताऱ्या खातेदारांना दबक्या आवाजात ‘घरी विचारून या’ म्हणतात. रांगेतला दुसरा माणूस सापडला. आता दोघंही सहीच्या आधी प्रत्येकाला विचारतात : वर्षाला किती भरायचे, किती वर्षं भरायचे, मधेच थांबलं तर काय होईल, हे कळलं का? काही जण तरीही पॉलिसी घेतात, समजून घेतात. शिवाय ती बचत गटांच्या बैठकांना जाऊन वर्षाला 436 रुपयांची प्रधानमंत्री जीवन ज्योती आणि 20 रुपयांची सुरक्षा विमा योजना समजावते. त्यातून शाखेला कमिशन नाममात्र मिळतं, आणि साहेब ते ऐकवायला विसरत नाहीत.

लग्नाच्या बाबतीत मात्र मी सरसकट तिच्या बाजूनं नव्हते. मुलगा पुण्यात इंजिनिअर. मुलाच्या मामांनी चहा घेता घेता ‘मागणं काही नाही, फक्त वीस तोळे आणि लग्न तुमच्या इतमामानं’ असं म्हटलं. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा, पण बैठकीत तो कुणी काढत नाही. हिनं काढला. पोह्यांच्या बशा हातात घेतलेल्या पाहुण्यांसमोर तिनं पथनाट्यातला आवाज लावला. नकार योग्यच होता. पण आपल्याला हे चालणार नाही, हे आईवडिलांनाही त्या बैठकीतच पहिल्यांदा कळलं. परक्या गावात दोन दिवस ओट्यावर बसून ऐकणाऱ्या मुलीनं स्वतःच्या बापाला एक संध्याकाळ दिली नव्हती. हे बोलल्यावर ती रागावली. पुढच्या वेळी आली ती वडिलांना घेऊनच.

वडील त्या दिवशी पहिल्यांदा मोकळे झाले. थोरल्या मुलीच्या लग्नासाठी त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले होते आणि वर पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं. ते निवृत्तीनंतरही फिटत होतं. घरात कुणाला हे ठाऊक नव्हतं. “हिचं म्हणणं मला पटत नव्हतं असं नाही,” ते म्हणाले. “पाहुण्यांसमोर मान खाली गेली, तेवढंच लागलं.” त्यानंतर ठरलं की स्थळ बघायच्या आधी फोनवरच वडील सांगतील : सोनं नाही, मानपान नाही, खर्च अर्धा अर्धा. बोलणार वडीलच. तेव्हापासून दोन स्थळं यावर थांबली. आईला ती हातची गेल्याचं वाईट वाटतं, आणि ते ती लपवत नाही.

झोप परतली. पोटाची आग हळूहळू गेली, एकदम नाही. राजीनाम्याचा मसुदा अजून तिच्या मेलमध्ये आहे. तो पुसून टाक, असं मी सांगितलेलं नाही. नोकरी सोडायची तर पळून जाण्यासाठी सोडू नये, एवढंच आमच्यात ठरलं आहे. यंदा मूल्यमापनात तिचे गुण घसरले. पुढच्या वर्षी बढतीची मुलाखत आहे. तिथं विम्याचे आकडे विचारणारच, हे तिला माहीत आहे. काय उत्तर द्यायचं आणि ते किती शब्दांत द्यायचं, यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.