आतड्याच्या ऑपरेशननंतरचं मूल हाताळताना

व्यायाम करून घ्यायला वॉर्डात गेलास की लगेच मुलाला उठवायला जाऊ नकोस. वेदनाशामक कधी दिलंय ते आधी नर्सला विचार. त्याचा परिणाम सुरू झाल्यावरच हात लाव. पोट दुखत असलं की मूल वरवरचा श्वास घेतं, खोकला दाबतं, आणि कफ छातीत साचतो. लहानग्यांना ‘दीर्घ श्वास घे’ सांगून काही होत नाही. साबणाचे फुगे उडवायला दे. खोकताना उशी पोटाशी घट्ट धरायला लाव. उठवताना आधी कुशीवर वळव, पाय खाली सोड, मग बसव. नळ्या आणि स्टोमाची (मल बाहेर येण्यासाठी पोटावर केलेल्या छिद्राची) पिशवी सांभाळून! सर्जनची परवानगी मिळाली की चालवायचं, दारापर्यंत का होईना. हे सगळं आईबाबांकडून तुझ्यासमोर करून घे, दिवसभर तेच सोबत असतात. पोट फुगलं किंवा हिरवी उलटी झाली तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना बोलाव.