पाना हातात घ्यायच्या आधी

बेळगाव, ऑटोनगर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. उद्यमबागेतली हायड्रॉलिकची नोकरी सोडून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम शिकावं का, असं विचारतोयस. शीक की. गाड्या वाढायला लागल्यात आणि काम जाणणारा माणूस शोधून सापडत नाही. शिवाय तू अगदीच कोरा येणार नाहीस. व्हॉल्व्हमधला सरकता दांडा, म्हणजे स्पूल, कुठं अडकतो, रबरी ओ-रिंग फाटली की दाब कसा उतरतो, हे तू रोज बघतोस. गिअरबॉक्सची व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे ऑईल कुठल्या क्लचला जायचं ते ठरवणारा भाग, तेच सगळं आहे, फक्त बारीक आणि दाटीवाटीनं बसवलेलं. एक सवय मात्र मोडावी लागेल. कारखान्यात वस्तू बिघडली की खोलून टेबलावर मांडतात. इथं खोलणं सगळ्यात शेवटी. गाडी आत आली रे आली की पोरांचे हात पान्याकडं जातात, आणि निम्मी कामं तिथंच नासतात.

आधी समोर काय आहे ते ओळख. दोन पेडलच्या सगळ्याच गाड्यांना गिऱ्हाईक ऑटोमॅटिक म्हणतं. मारुतीनं २०१४ साली सेलेरिओत एएमटी आणली आणि अशी गाडी मध्यमवर्गीय माणसाच्या आवाक्यात आली. पण आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं पंप, सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह) आणि कंप्युटर मिळून करतात. तिथं क्लचप्लेट बदलल्यावर स्कॅनरनं लर्निंग दिलं नाहीस, म्हणजे कंप्युटरला नव्या प्लेटची ओळख करून दिली नाहीस, तर नवी प्लेट घालूनही गाडी झटके मारत परत दारात येईल. सीव्हीटीत दोन पुली आणि मधे पोलादी पट्टा. ड्युअल क्लचमध्ये एक क्लच सम गिअरांचा, एक विषम गिअरांचा. आणि चौथा प्रकार म्हणजे खरा जुना ऑटोमॅटिक: टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारा), प्लॅनेटरी गिअर आणि क्लचपॅक (एकावर एक रचलेल्या क्लचच्या प्लेटा). मी तुला ह्या चौथ्यापासूनच सुरुवात करायला लावेन.

मग माणसाशी बोल. "गिअर गेलाय" एवढं सांगणाऱ्याला सोडू नकोस. थंड असताना होतं की तापल्यावर? एकाच गिअरला की सगळ्यांना? चोर्ला घाट चढताना झालं की सपाटीला? पावसाळ्यात कणकुंबीकडं गाडी पाण्यातून काढली होती काय? मधे कुणी रेडिएटर बदलला, ऑईल टाकलं? हे शेवटचं विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, आणि खरं बऱ्याचदा त्यातच असतं. निपाणीचा माणूस मराठीत बोलेल, गोकाक-बैलहोंगलचा कन्नडमध्ये, साखळीहून घाट चढून आलेला कोकणीत. तुझं कन्नड कच्चं असेल तर ते आधी पक्कं कर. सीमावादावर काय बोलायचं ते चौकात बोल, शेडमध्ये गिऱ्हाईकाची गाडी काय म्हणते तेवढंच ऐकायचं.

आता ऑईल. डिपस्टिक असली तर नशीब समज, कारण बऱ्याच नव्या गाड्यांत ती नसतेच. इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर ऑईलचं तापमान बघत, खालच्या लेव्हल प्लगमधून बारीक धार येते का ते बघायचं. टोयोटाच्या बऱ्याच गिअरबॉक्सना ही लेव्हल ४० अंश सेल्सिअसच्या आसपास बघतात. प्रत्येकाचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तो पाठ नको, दरवेळी काढून बघ. ऑईल तापलं की फुगतं. ८०-९० अंशांना प्लग खोललास तर हवं असलेलं ऑईलही बाहेर जाईल आणि गिअरबॉक्स उपाशी राहील. मग रंग आणि वास. काळं पडून जळका वास आला तर प्लेटा जळाल्यात. खालच्या ऑईल चेंबरमधल्या मॅग्नेटवर राखाडी मऊ गाळ असला तर घाबरू नकोस, तो असतोच. चमकणारे तुकडे दिसले तर मात्र चेहरा गंभीर कर. आणि ऑईल सोलकढीसारखं दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आत शिरलंय. तिथं नुसतं ऑईल बदलून भागत नाही. पाण्यानं प्लेटांवरच्या फ्रिक्शनचा गोंद सुटतो. आज गाडी पळेल, थोड्या दिवसांनी स्लिप मारेल, म्हणजे इंजिन ओरडेल पण गाडी ओढणार नाही, आणि बोल तुला लागेल. सीव्हीटीत साधं एटीएफ, म्हणजे चौथ्या प्रकाराच्या गिअरबॉक्सचं ऑईल, ओतणाऱ्याला तर मी शेडच्या दारात उभा करत नाही. पट्टा आणि पुलीची पकड त्या ऑईलवर असते.

स्कॅनरबद्दल फार लिहीत नाही, तो तुम्हा पोरांना माझ्यापेक्षा लवकर येतो. एवढंच ध्यानात ठेव की पी०७०० म्हणजे गिअरबॉक्सच्या कंप्युटरनं तक्रार लिहून ठेवलीय, खरी तक्रार त्याच्या पोटात शिरून वाचायची. पी०७३० गिअर रेशो चुकतोय म्हणतो. का चुकतोय ते सांगत नाही. आणि कोडच्या मागं लागण्याआधी बॅटरी आणि अर्थिंगची वायर बघ. व्होल्टेज पडलं की शहाणा सोलेनॉइडही वेड्यासारखा वागतो.

खरं निदान रस्त्यावर होतं. काकतीच्या पुढं हायवेला गाडी काढ. समज, सत्तरच्या आसपास, ॲक्सिलरेटर एकसारखा धरला की गाडी थरथरते. गिऱ्हाईक म्हणतं गिअरबॉक्स, बाजूचा फिटर म्हणतो इंजिनचा स्पार्क प्लग. मागं कुणी नाही ना बघ, उजवा पाय आहे तसाच ठेव आणि डाव्या पायानं ब्रेकला नुसता स्पर्श कर, ब्रेकलाईट लागण्यापुरता. टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सला थेट जोडणारा आतला क्लच, सुटतो, आरपीएम थोडा वर चढतो. त्याच क्षणी थरथर थांबली तर लॉकअपवर संशय घे. लॉकअप सुटूनही थरथर राहिली तर आधी प्लग-कॉईलकडं जा, गिअरबॉक्सला हात लावू नकोस. तसंच पार्किंगमधून डी टाकताना दणका बसतो म्हणून गाडी आली, तर बॉनेट उघडून इंजिनचं माऊंटिंग बघ. फाटलेल्या रबरापायी अख्खा गिअरबॉक्स उतरवलेला मी पाहिलाय.

आणि प्रत्येक गिअरबॉक्सचा क्लचचा तक्ता मिळव: कुठल्या गिअरला कुठला क्लच, गिअरबॉक्सच्या आतला कुठला ब्रेक धरतो. लॅमिनेट करून भिंतीला लाव. समज, तिसरा गिअर स्लिप मारतो, रिव्हर्सही स्लिप मारतो, पण पहिला-दुसरा ठणठणीत. बऱ्याच जुन्या गिअरबॉक्समध्ये तिसऱ्याला आणि रिव्हर्सला एकच क्लच धरतो. बोट ठेव तक्त्यावर. एकही बोल्ट न खोलता संशय एका क्लचवर आला. आता त्याच्या प्लेटा गेल्यात की त्याला दाबच पोचत नाही, एवढंच उरलं. ते प्रेशर गेज सांगेल. गाडी ओढत नाही म्हटलं की पंप, कन्व्हर्टर, सगळंच बदलू म्हणणारे लोक हा तक्ता बघत नाहीत, आणि गिऱ्हाईकाच्या बिलात ते दिसतं.

ह्यानंतर खोल. व्हॉल्व्ह बॉडी वेगळी करताना मधली प्लेट सरळ धरून उचल, नाहीतर चेक बॉल (ऑईलची वाट अडवणाऱ्या बारीक गोळ्या) घरंगळतील आणि कुठला कुठून आला ते देवालाही सांगता येणार नाही. आधी फोटो काढ. पुसायला कॉटन वेस्ट वापरू नकोस. त्याचा एक धागा स्पूल अडकवायला पुरतो, हे तुला सांगायला नको. बॉडी बाजूला झाली की केसमधल्या क्लचच्या भोकात कंप्रेसरची हवा दे, दाब कमी करून. 'थप्प' असा आवाज आला तर पिस्टन हलला. नुसतीच 'फुस्स' आली तर सील गेलाय. हा आवाज कानात बसेपर्यंत मी तुला दुसरं काही करू देणार नाही.

पैशाचं एक सांगतो. तपासणीचे पैसे वेगळे घ्यायला लाजू नकोस. गाडी न खोलता माऊंटिंगवर भागवलंस तर त्या दिवशीची कमाई कमी होईल, त्याची तक्रार माझ्याकडं आणू नकोस. नोटिशीचा महिना संपला की ये. येताना मल्टिमीटर घेऊन ये, स्कॅनर माझा आहे.

तुझा,
काका

ता. क. चोर्ल्यात बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी कुणी दोर लावून आणतो म्हटलं तर फोनवरच थांबव. गिअरबॉक्सचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत म्हणजे आतले भाग ऑईलशिवाय घासतायत. फ्लॅटबेड बोलवायला सांग. मिळालीच नाही तर इंजिन ज्या चाकांना ओढतं ती चाकं तरी उचलूनच आणायला सांग.