वाचकांचे प्रश्न: चार आवाज आणि 'ब्राझील'

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही चौघं मित्र हार्मनीत गातो. मॅनहॅटन ट्रान्सफर या चार गायकांच्या अमेरिकन ग्रुपचा 'ब्राझील' अल्बम ऐकल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये, त्यातली एकदोन गाणी बसवायची आहेत. पण आमच्यातलाच एक म्हणतो, हे अमेरिकन पॉप आहे, ब्राझीलचं नुसतं नाव. त्याचं खरं आहे का? आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर: तुझ्या मित्राचं अर्धं बरोबर आहे. अल्बम १९८७ चा, त्यामुळे सिंथेसायझर आणि ड्रम्सचा आवाज पक्का त्या काळातला अमेरिकन आहे. पण गाणी नावापुरती नाहीत रे, ती जावान, इव्हान लिन्स, मिल्टन नासिमेंतो, जिल्बेर्तो जिल अशा ब्राझीलच्याच गायक-संगीतकारांची आहेत आणि त्यातही जावानची सगळ्यात जास्त. बॉसा नोवाची, म्हणजे ब्राझीलच्या त्या हळुवार गिटारवाल्या शैलीची, तीच ती जुनी गाणी पुन्हा गायली असती तर सोपं गेलं असतं, ते न करता हे चौघं तेव्हाच्या ब्राझीलमध्ये लोक जे ऐकत होते तिकडे गेले, मला हे फार आवडतं. १९८९ मध्ये त्याला ग्रॅमीही मिळालं.

गडबड झालीय ती शब्दांत. पहिलंच गाणं घे, 'सोल फूड टू गो'. मूळ गाणं जावानचं 'सीना', १९८२ च्या 'लूझ' अल्बममधलं. सीना म्हणजे नशीब, ललाटी लिहिलेलं. इंग्रजीत त्याचं झालं पार्सल न्यायचं जेवण! चाल तीच, ठेका तोच, पण मूळ गाण्यात जावानने ब्राझीलचाच गायक कायतानो व्हेलोझो याच्या नावाचं चक्क क्रियापद केलंय, 'कायतानेआर', आणि कायतानोने त्याच वर्षी तेच गाणं स्वतः गाताना तिथे 'जावानेआर' म्हणून परतफेड केली. दोन गायकांचं एकमेकांवरचं हे प्रेम इंग्रजीत कुठून येणार? म्हणून आधी मूळ ऐका, चारपाच वेळा तरी, मग यांचं. प्रत्येक गाण्याला हेच करा.

आता बसवायचं म्हणतोस तर खरी अडचण सांगते. बॉसा नोवाचा गायक जोआव जिल्बेर्तो रेकॉर्डवर कसा गातो बघ, गिटार एका जागी चाललेली असते आणि त्याचा आवाज कधी तिच्या जरा पुढे, कधी जरा मागे, कंप नाही, जोर नाही, कानाशी बोलल्यासारखा. एकट्याला हे जमतं. चौघांनी आपापल्या मनाने असं पुढेमागे केलं तर हार्मनीचा चुथडा होतो, म्हणून ग्रुपला ते सरकणं आधी ठरवून घ्यावं लागतं, कुठली अक्षरं ठोक्याआधी टाकायची आणि कुठे थांबायचं, आणि ते ठरवलंय असं ऐकणाऱ्याला वाटता कामा नये. या अल्बममध्ये काही ठिकाणी शब्द जरा जास्तच चौकोनी बसलेत असं मला वाटतं, इंग्रजी व्यंजनं ठोक्यावर आपटतात.

रियाजाला एक करा. सांबा या ब्राझीलच्या नाचगाण्याच्या संगीतात सुर्दो नावाचा मोठा ढोल असतो, त्याचा जड ठोका दोनातल्या दुसऱ्या मात्रेवर पडतो. तुमच्यातल्या खालच्या आवाजाच्या मुलाला फक्त तो 'दुम' म्हणायला लावा, बाकी तिघांनी त्यावर नुसते स्वर म्हणा, शब्द नकोत. आपला हात सवयीने पहिल्या मात्रेवर पडतो, ती सवय मोडायलाच आठवडा जाईल. घाई करू नका.

आणि पहिलं गाणं 'कापीं' घ्या. ते मॅनहॅटन ट्रान्सफरने पोर्तुगीजमध्येच, म्हणजे ब्राझीलच्या भाषेतच गायलंय, सोबत खुद्द जावान आहे आणि स्टॅन गेट्झचा सॅक्सोफोन, तोच गेट्झ ज्याने १९६३ मध्ये जोआव जिल्बेर्तोबरोबर रेकॉर्ड केलं होतं. इथे चौघं मागे सरकून जावानला जागा देतात. तुझ्या मित्राला हे ऐकव, आणि 'द जंगल पायोनियर'सुद्धा, त्यात ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते शहरातला उआक्ती हा ग्रुप वाजवतो. प्लास्टिकच्या पाइपांपासून वाद्यं बनवणारी माणसं होती ती, पाइपच्या तोंडावर मारलं की असा पोकळ, ओला सूर निघतो की सिंथेसायझर त्यापुढे कोरडा वाटतो.

प्रश्न: ताई, पोर्तुगीज येत नाही तर पोर्तुगीज गाणं गावं का?

उत्तर: गा की, पण प्रत्येक ओळीचा अर्थ वहीत लिहून मगच. उच्चाराचं म्हणशील तर आपल्याला अनुनासिक नवं नाही. 'कापीं' म्हणजे गवत, लिहिताना शेवटी 'म' असतो पण ओठ मिटायचे नाहीत, 'ई' नाकात सोडून द्यायची. चौघांपैकी एकाने जरी ओठ मिटले तरी सूर तिथेच तुटतो, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका, लगेच सापडेल कोण मिटतंय ते.