४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे का? कॅल्क्युलेटरशिवाय कसं तपासायचं?

मूळ नाही. ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७.

२, ३, ५, ७ असं ओळीने भागत गेलात तर ६४१ चा नंबर ११६वा लागतो. इतकं राबायची गरज नाही, कारण ही संख्या म्हणजे २^३२ + १. याच घडणीच्या (२ चा घात १, २, ४, ८, १६ असा दुप्पट होत जाणारा, अधिक १) ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ मूळ निघाल्या, म्हणून पुढच्याही सगळ्या मूळच असणार असा फ्रेंच गणिती फर्माचा होरा होता. १७३२ मध्ये गणिती ऑयलरने हिचे अवयव पाडून तो खोटा ठरवला.

समजा, प हा तिचा मूळ विभाजक आहे. मग २^३२ ला प ने भागल्यावर बाकी −१ येते (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो) आणि २^६४ ची बाकी १. त्याआधीच्या कुठल्याही घाताला बाकी १ येत नाही, त्यामुळे प − १ ला ६४ ने नि:शेष भाग जायलाच हवा (२ च्या प − १ व्या घाताला प ने भागलं की बाकी १ येते, हे फर्माचंच छोटं प्रमेय इथे फर्माच्या विरुद्ध साक्ष देतं). म्हणजे तपासायच्या मूळ संख्या उरल्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पुढे १८७८ मध्ये फ्रेंच गणिती ल्युकाने ६४ च्या जागी १२८ घेता येतात हे दाखवलं. मग फक्त २५७ आणि ६४१.

दहा अंकी भागाकार मांडत बसू नका, वर्ग करत जा. २^१६ = ६५५३६. त्यातून ६४१ × १०२ = ६५३८२ वजा केले की उरतात १५४. १५४ चा वर्ग २३७१६, आणि ६४१ × ३७ = २३७१७. म्हणजे २^३२ ची बाकी −१. त्यात १ मिळवा, शून्य.

६७००४१७ मूळ आहे. तिचं वर्गमूळ २५८८ च्या आसपास आणि तिच्या विभाजकांनाही वरचीच १२८ ची अट लागू, म्हणून २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९ एवढ्यांनीच भागून बघायचं. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. म्हणून ४२९४९६७२९७ चे एकूण विभाजक चार, त्यांची बेरीज ४३०१६६८३५६.

मला विशेष वाटतं ते दोन वर्गांच्या बेरजेचं. ६५५३६² + १² तर उघडच आहे, पण ६२२६४² + २०४४९² सुद्धा तेवढेच भरतात. मूळ संख्या अशी दोन तऱ्हांनी लिहिताच येत नाही, त्यामुळे अवयव हाती नसतानाही ही संख्या संयुक्त (म्हणजे मूळ नसलेली) आहे हे एवढ्यावरून सिद्ध होतं.

प्रोग्रॅम लिहून तपासणार असाल तर दोन ठिकाणी फसाल. पाया २ घेऊन फर्माची चाचणी (पायाचा, संख्येपेक्षा १ ने कमी असलेला घात घेऊन बाकी १ येते का बघणं) लावली तर ही संख्या मूळ असल्यासारखी पास होते: २ चे घात दर ६४ पायऱ्यांनी १ वर परततात आणि तपासायचा घात २^३२, म्हणजे ६४ च्या पटीतलाच. पाया ३ घ्या, लगेच पकडली जाते. दुसरं, ३२ बिटांच्या चलात ही मावत नाही. वरचा बिट गळून नुसता १ उरतो आणि ६४१ × ६७००४१७ चं उत्तरही १ दिसतं. ६४ बिटांचा प्रकार वापरा.