'सबसिडिॲरिटी' म्हणजे दुय्यमता नव्हे

प्रश्न एका वाचकाचा आहे. कॅथॉलिक चर्चच्या सामाजिक शिकवणुकीवरचा एक लेख ते मराठीत आणत आहेत आणि 'प्रिन्सिपल ऑफ सबसिडिॲरिटी' या शब्दांपाशी अडले आहेत. दुय्यमता, साहाय्यकता, पूरकता असे तीन पर्याय त्यांना सुचले. सबसिडीशी आणि शाळेत शिकलेल्या 'सबसिडिअरी अलायन्स'शी, म्हणजे तैनाती फौजेशी, या शब्दाचे नाते आहे का, असे ते विचारतात. शिवाय, 'सरकार लहान असावे' एवढाच याचा अर्थ असेल तर सरळ 'मर्यादित सरकार' लिहून मोकळे व्हावे का?

थोडक्यात तत्त्व असे: मोठ्या संस्थेने लहानीचे काम हिसकावू नये, पण तिला झेपेनासे झाले की मदतीला यावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: तसे लिहू नका. अर्धे तत्त्व गळून पडेल, आणि सगळी भांडणे नेमकी त्या गळणाऱ्या अर्ध्यावरच आहेत.

मूळ लॅटिन शब्द 'सुबसिदिउम'. 'सुब' म्हणजे खाली किंवा मागे आणि 'सेदेरे' म्हणजे बसणे. हा फौजेतला शब्द आहे. रोमन सैन्याच्या तीन रांगा असत. तिसऱ्या रांगेत जुनेजाणते शिपाई, त्यांना 'त्रिआरी' म्हणत. लिव्ही या इतिहासकाराने त्यांचे वर्णन केले आहे: डावा पाय पुढे पसरलेला, ढाल खांद्याला टेकवलेली, भाला तिरका जमिनीत रोवलेला, आणि अशा स्थितीत निशाणाखाली मागे बसून राहिलेले. पुढच्या दोन रांगा लढत असताना त्यांनी मध्ये घुसायचे नाही. पुढचे मागे रेटले गेले की मात्र उठायचे. 'गोष्ट त्रिआरींवर आली' म्हणजे प्रकरण हातघाईला आले, अशी लॅटिनमध्ये म्हणच पडली. तेव्हा सुबसिदिउम म्हणजे आपली राखीव कुमक. पुढे अर्थ सैल होत 'मदत' झाला आणि इंग्लंडात पार्लमेंटने राजाला मंजूर केलेल्या पैशाला 'सबसिडी' म्हणू लागले. आपले खताचे आणि गॅसचे अनुदान त्याच शाखेचे.

तैनाती फौजही याच कुळातली, पण पैशाच्या बाजूने आलेली. जी फौज संस्थानिकाच्या पैशावर पोसायची, ती 'सबसिडिअरी'. 31 डिसेंबर 1802 च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची फौज कायमची ठेवून घेतली आणि तिच्या खर्चासाठी वर्षाला 26 लाखांचा मुलूख तोडून दिला. परराज्यांशी बोलणीसुद्धा कंपनीला विचारल्याशिवाय करायची नाहीत, असे ठरले. 1818 मध्ये पेशवाईच संपली. मदतीला आलेला घरमालक झाला, याचे इतके चोख उदाहरण आपल्या इतिहासात दुसरे नाही. (मराठी बोलणाऱ्या कॅथॉलिकांची मोठी वस्ती असलेल्या वसईचेच नाव त्या तहाला असावे, हा योगायोग सोडवत नाही म्हणून नोंदवून ठेवतो.)

आता चर्चचा शब्द. तेराव्या लिओ पोपने 15 मे 1891 रोजी कामगारांच्या प्रश्नावर सगळ्या चर्चसाठी जाहीर पत्र काढले होते. त्याला चाळीस वर्षे झाली म्हणून अकराव्या पायस पोपने 1931 मध्ये दुसरे पत्र काढले. त्याचा बराचसा मसुदा ओस्वाल्ड फॉन नेल-ब्रॉयनिंग या जर्मन जेझुइटाने, म्हणजे जेझुइट या कॅथॉलिक संघातल्या धर्मगुरूने, केला. या दुसऱ्या पत्राच्या 79 व्या परिच्छेदात हे तत्त्व येते. सारांश असा: माणूस स्वतःच्या हिमतीवर आणि कष्टाने जे करू शकतो ते त्याच्याकडून काढून समाजाकडे देणे गैर, आणि लहान संस्थांना जे झेपते ते मोठ्या संस्थेने आपल्याकडे ओढणे हा अन्याय. कारण समाजातल्या प्रत्येक व्यवहाराचे काम आपल्या घटकांना 'सुबसिदिउम' देणे हे आहे. त्यांना मोडणे आणि गिळणे हे कधीच नाही.

'मोडणे आणि गिळणे' याला मराठीत तयार शब्द आहे: खालसा करणे. कुमक द्यावी, खालसा करू नये. शब्द तैनाती फौजेच्या भावकीतला, तत्त्व मात्र नेमके तिच्या उलट.

पत्राचा काळ पाहिला की हा शब्द का निवडला ते कळते. इकडे मंदीने कारखाने बंद पडत होते, तिकडे इटलीत मुसोलिनीला मुलांच्या खेळापासून कामगार संघटनेपर्यंत सगळे सरकारच्या मुठीत हवे होते. पत्र निघाल्यानंतर काही दिवसांतच त्याने कॅथॉलिक तरुणांची मंडळे बंद पाडली. नुसते 'सरकारने मदत करावी' म्हटले असते तर ते मुसोलिनीच्या पथ्यावर पडले असते, आणि नुसते 'सरकारने लांब राहावे' म्हटले असते तर उपाशी कामगाराला वाऱ्यावर सोडल्यासारखे झाले असते.

म्हणून 80 वा परिच्छेद वाचल्याशिवाय भाषांतराला हात घालू नका. किरकोळ कामे खालच्या मंडळांवर सोपवली की सरकार आपली स्वतःची कामे अधिक मोकळेपणाने, अधिक ताकदीने करू शकेल, असे तिथे म्हटले आहे, आणि चार क्रियापदे दिली आहेत: दिशा देणे, लक्ष ठेवणे, तगादा लावणे, आवर घालणे, जसा प्रसंग, जशी गरज. हे काही दुबळ्या सरकारचे वर्णन नव्हे. सरकार किती मोठे असावे याचा आकडाच या तत्त्वात नाही. कोणी आधी हात घालायचा आणि दुसऱ्याने केव्हा उठायचे, एवढा क्रम आहे.

अमेरिकेत 2012 मध्ये हाच वाद रंगला. रिपब्लिकन खासदार पॉल रायन स्वतः कॅथॉलिक. सरकारी खर्च कापणाऱ्या आपल्या अर्थसंकल्पाच्या समर्थनासाठी त्यांनी सबसिडिॲरिटीचा हवाला दिला. त्यावर जॉर्जटाऊन या जेझुइट विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी पत्र लिहून हरकत घेतली: गरिबांना एकटे सोडायला हे तत्त्व सांगत नाही, खालच्यांना झेपत नसेल तिथे सरकारने उतरलेच पाहिजे. माझ्या वाचनात प्राध्यापकांची बाजू मूळ मजकुराला जास्त धरून आहे. पण रायन यांनी शब्द हवेतून आणला होता असेही नाही, 79 वा परिच्छेद त्यांच्या बाजूने बोलतो. लेखाचा अनुवाद करताना दोघांनाही हाच एक शब्द वापरता आला पाहिजे. 'मर्यादित सरकार' लिहिलेत तर प्राध्यापकांचे म्हणणे मराठीत मांडताच येणार नाही.

तुमच्या लेखात प्रोटेस्टंटांची मते आली तर तिथे हा शब्द पसरू देऊ नका. बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्रात, तेराव्या अध्यायात, सत्ताधाऱ्याच्या हाती तलवार आहे आणि ती दुष्कर्म्याला शिक्षा करण्यासाठी आहे. प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक ल्यूथर याने 1523 मध्ये ऐहिक सत्तेवर लिहिताना याचाच आधार घेतला. आपल्या 'शासन' शब्दात राज्य चालवणे आणि शिक्षा करणे हे दोन्ही अर्थ नांदतात, त्यामुळे हा विचार मराठीत फार सहज उतरतो. सरकारचे काम तलवारीपुरते, बाकीचे चर्चने आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पाहावे, असे म्हणणारे इथूनच निघतात. त्याच अध्यायात सत्ताधारी हा तुझ्या भल्यासाठी देवाचा सेवक आहे असेही म्हटले आहे, आणि ते धरून कल्याणकारी राज्यापर्यंत जाणारेही आहेत.

हॉलंडच्या अब्राहम कायपर या प्रोटेस्टंट धर्मपंडिताचा विचार आणखी निराळा. 20 ऑक्टोबर 1880 रोजी आम्स्टरडॅमचे 'मुक्त विद्यापीठ' (म्हणजे सरकार आणि चर्च दोघांच्या ताब्यापासून मुक्त) उघडताना त्याने 'आपापल्या वर्तुळातले सार्वभौमत्व' मांडले. कॅथॉलिक विचारात पायऱ्या आहेत: कुटुंब, गाव, प्रांत, राज्य. कायपरकडे पायऱ्याच नाहीत. कुटुंब, शाळा, चर्च, व्यापार ही शेजारशेजारची वर्तुळे, प्रत्येकाला अधिकार थेट देवाकडून. सरकारने ते वाटून दिलेले नाहीत, म्हणून सरकारला परत घेता येत नाहीत. याला 'सबसिडिॲरिटी' म्हणणे चूक. गंमत अशी की या विचाराचे डच लोक शाळांसाठी भांडले आणि 1917 च्या घटनादुरुस्तीने धार्मिक शाळांना सरकारी शाळांइतकाच पैसा मिळाला. वर्तुळ आमचे, खर्च सरकारचा!

युरोपीय संघाच्या कायद्यातही हा शब्द भेटेल. 1992 च्या मास्ट्रिख्ट करारापासून तो तिथे आहे, पण देवाधर्माचा संदर्भ गाळून: सदस्य देशांना जे पुरेसे साधत नाही तिथेच संघाने हात घालायचा. आपल्याकडे दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाच्या 2007 च्या, स्थानिक स्वराज्य संस्थांवरच्या अहवालात तो याच कोरड्या अर्थाने आला आहे: ग्रामपंचायतीला जमते ते तिलाच करू द्या.

तर मराठी शब्द. 'दुय्यमता' बाद. ती इंग्रजीतल्या नंतरच्या अर्थावरून, उपकंपनीच्या वाटेने आली, आणि तिने उलटाच घोळ होतो. या तत्त्वात लहान संस्था मोठीची दुय्यम नसते. मोठीच लहानीच्या मदतीला बांधलेली असते. 'पूरकता' कायद्याच्या मजकुरात चालून जाईल, पण तो जेवणातल्या जीवनसत्त्वासारखा मवाळ शब्द आहे. गिळू नये ही ताकीद त्यात ऐकू येत नाही. 'साहाय्यकता' अचूक आहे, फक्त उच्चारताना जीभ अडखळते. मी 'पाठबळाचे तत्त्व' लिहीन. पाठीशी उभे असलेले बळ, म्हणजे तिसऱ्या रांगेतल्या त्या शिपायांच्या जागेवरचेच. शिवाय पाठबळ देणारा पुढे येऊन खुर्चीत बसत नाही, हे मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. 'मायबाप सरकार' या आपल्या जुन्या सवयीच्या शब्दासमोर तो उभाही राहू शकतो.

वाक्यात असा बसेल: 'पाठबळाच्या तत्त्वानुसार शाळा पालकांनी आणि गावाने चालवावी, त्यांना ते झेपेनासे झाले तर सरकारने मदतीला यावे आणि शाळा पुन्हा उभी राहिली की मागे सरावे.' पहिल्या उल्लेखाला 'सबसिडिॲरिटी, म्हणजे पाठबळाचे तत्त्व' असे लिहा आणि पुढे नुसते मराठी चालवा. कायपरसाठी मात्र 'वर्तुळ-सार्वभौमत्व' वेगळे ठेवा, आणि युरोपीय कायद्याच्या उताऱ्यात 'पूरकता' राहिली तरी माझी हरकत नाही.