बाळ येणार, मग मांजराचं काय?

जोडपं आमच्याकडे सल्ला विचारायला आलं ते सुनेला सातवा महिना असताना, सासूबाईही सोबत होत्या. घरी मनी नावाची चार वर्षांची मांजरी, नसबंदी झालेली, फ्लॅटबाहेर कधी न गेलेली. सासूबाईंचं म्हणणं पक्कं होतं: बाळ घरात येण्याआधी मांजर बाहेर गेलं पाहिजे. सुनेला ते मान्य नव्हतं, पण तिची झोप उडाली होती. "उद्या बाळाला काही झालं तर सगळे मलाच विचारतील," ती म्हणाली. नवरा गप्प. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

अशा वेळी "काही होत नाही हो" असं म्हणून चालत नाही. प्रत्येकाची भीती वेगळी असते आणि ती वेगळीच ऐकावी लागते.

सुनेची भीती टॉक्सोप्लाझ्माची, म्हणजे मांजराच्या विष्ठेतून पसरू शकणाऱ्या एका सूक्ष्म परजीवी जंतूची. गर्भारपणात हा संसर्ग पहिल्यांदा झाला तर बाळाला धोका असतो, हे खरं. पण मांजराच्या विष्ठेतून हे जंतू बाहेर पडतात ते बहुधा आयुष्यात एकदाच, त्याला पहिली लागण झाल्यावर, एक ते तीन आठवडे. विष्ठा पडल्यावर ते संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो, कधी पाच. म्हणजे मांजराच्या शी-शूचा ट्रे रोज साफ झाला, आणि तो गर्भवतीने केला नाही, तर मोठा धोका तिथेच टळतो. शिवाय मनी कोरडं खाणं आणि उकडलेलं चिकन खाते, उंदीर मारत नाही. तिच्यापेक्षा अर्धकच्चं मटण, न धुतलेली पालेभाजी आणि हातमोज्यांशिवाय केलेलं कुंड्यांचं काम जास्त सांभाळायला हवं. हा संसर्ग आधी होऊन गेलाय की नुकताच झालाय याचा अंदाज देणाऱ्या आयजीजी आणि आयजीएम या रक्तचाचण्यांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून घ्यायला सांगितलं.

सासूबाईंच्या दोन शंका होत्या. मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो, ही पहिली. केस गिळल्याने दमा होत नाही. ॲलर्जी असते ती मांजराच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनांची, आणि ती सगळ्यांना नसते. दुसरी शंका, मांजर पाळण्यात जाऊन बसेल. ही मात्र शंभर टक्के रास्त आहे. मांजर ऊब शोधतं, आणि नवजात बाळाला तोंडावर आलेलं काही बाजूला सारता येत नाही. म्हणून नियम एकच ठरला: झोपलेलं बाळ आणि मांजर एका खोलीत असतील तर तिथे मोठं माणूस जागं हवं. छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी पुरत नाही, मांजर वर बसलं की ती खाली दबते. त्यांनी बाळाच्या खोलीला जाळीचा दरवाजा बसवला. आपली भीती घराचा नियम झाली, हे पाहून सासूबाई पुष्कळ सैलावल्या. एरवी त्यांना अडाणी ठरवून वाद घातला जातो, आणि मग त्यांच्याकडे "मांजर नकोच" एवढंच उरतं.

खरी गाठ वेगळीच होती. "मनीचा ट्रे कोण साफ करतं?" असं विचारल्यावर नवरा आणि सासूबाई, दोघांनीही सुनेकडे पाहिलं. खाणं, लसी, केस विंचरणं, सगळं तीच करायची, आणि बाळंतपणाला ती तीन महिने माहेरी जाणार होती. आमच्या पाहण्यात बहुतेक मांजरं घराबाहेर जातात ती इथे. कारण आजाराचं दिलं जातं, प्रत्यक्षात काम वाटलेलंच नसतं.

त्याच आठवड्यापासून नवऱ्याने काम हाती घेतलं. ट्रे बेडरूमच्या बाल्कनीतून ड्राय बाल्कनीत न्यायचा होता, तो रोज फूटभरच सरकवला. एकदम हलवला तर मांजर जुन्याच जागी करतं. लस आणि जंताचं औषध वेळेत झालं, नखांची टोकं कापली, बाळाच्या रडण्याचा आवाज मोबाईलवर हळू लावून सवय केली.

तरीही सून माहेरी गेल्यावर मनीने बाळाच्या दुपट्यांच्या गठ्ठ्यावर लघवी केली. "सूड घेतेय बघा," असं घरात म्हटलं गेलं. मांजर सूड घेत नाही. ते घाबरलेलं असतं किंवा त्याला मूत्रमार्गाचा त्रास असतो, म्हणून आधी पशुवैद्यांकडून लघवी तपासायची. तपासणीत काही निघालं नाही. दुसरा ट्रे ठेवला, फरशी फिनाईलने पुसणं बंद केलं (ते मांजराला विषारी असतं), दुपटी कपाटात गेली, आणि प्रकार थांबला. दोन बाबतींत मात्र वाट पाहू नये: मांजर दोन दिवस खात नसेल तर यकृतावर परिणाम होऊ शकतो; आणि बोका ट्रेमध्ये जोर करतोय पण लघवी होत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

बाळ घरी येण्याआधी त्याचं वापरलेलं दुपटं मनीला हुंगायला दिलं. आल्यावर आई रिकाम्या हातांनी आधी मनीला भेटली. शेक-शेगडी सुरू असताना मनी दुसऱ्या खोलीत. बाळ रांगायला लागलं की ट्रे आणि खाण्याची वाटी त्याच्या हाती लागणार नाही अशी ठेवायची, आणि मांजराला चढून बसायला उंच फळी द्यायची. पळायला जागा नसलेलं मांजरच बहुधा ओरबाडतं. ओरखडा आला तर साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुऊन लगेच डॉक्टरांकडे जायचं, रेबीजची लस घेतलेलं मांजर असलं तरी.

कधीकधी मांजर देणंच योग्य असतं: बाळाचा दमा त्याच्यामुळेच आहे असं तपासणीत निघालं आणि औषधांनी आटोक्यात येत नसेल, किंवा मांजर कारण नसताना पुन्हा पुन्हा चावत असेल. पण मासळी बाजारात सोडून येणं म्हणजे देणं नव्हे. घरात वाढलेलं मांजर तिथे उपाशी मरतं, आणि 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार असं टाकून देणं गुन्हा आहे. ओळखीचं घर शोधा. लसींची वही, नेहमीचं खाणं, ट्रे आणि त्याच्या वासाची चादर सोबत द्या, आणि पंधरा दिवसांत जमलं नाही तर परत घेऊ, असं आधीच बोलून ठेवा.