कुळागरात पाहुणे म्हणून जाताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावर आहेत. गोव्यात घरच्या माणसांनी चालवलेलं कुळागर (पोफळी-माडांची बाग) किंवा शेत बघायला जायचं, गाईगुरांत थोडा वेळ काढायचा, भाजी-फळं स्वतः तोडून आणायची. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

घरी सहा आणि नऊ वर्षांची मुलं आहेत. फोंड्याकडच्या एका कुळागरात नेऊन त्यांना स्वतःच्या हातांनी काही तोडू द्यायचं आहे. कोणता महिना बरा?
— एक वाचक, पर्वरी

आधी कुळागर आणि भाजीचा मळा यांतला फरक लक्षात घ्या. कुळागरात पोफळी, माड, केळी, पोफळीवर चढवलेले मिरवेल, मध्येच जायफळ आणि भिरंड (कोकम) अशी उंच झाडांची दाटी असते. सहा वर्षांच्या मुलाच्या हाताला तिथे फारसं काही लागत नाही. तोडण्याचाच आनंद हवा असेल तर मळा असलेलं शेत निवडा, किंवा कुळागराच्या खाली ज्यांची वायंगणाची (हिवाळी पिकाची) जमीन आहे अशा कुटुंबाकडे जा.

भातकापणीनंतर त्याच जमिनीत तांबडी भाजी, मुळा, वांगी, मिरची, अळसांदे होतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा मुलांसाठी सगळ्यांत चांगला काळ. हवा थंड, पीक कमरेच्या उंचीचं, पायाखाली चिखल नाही. अळसांद्याच्या शेंगा पिवळ्या पडून वाळायला लागल्या की तोडायच्या. वांगं किंवा भेंडी ओढून काढायची नाही. ओढली की फांदी सोलवटते आणि पुढचा तोडा जातो. देठ छोट्या कात्रीने कापा. भेंडीच्या बारीक लवेने हातांना खाज सुटते, म्हणून मुलांना पूर्ण बाह्यांचं घाला. भेंडी दर एक दिवसाआड तोडावी लागते, त्यामुळे आदल्या दिवशी तोडा झाला असेल तर शेतात गेल्यावर रिकाम्या झाडांकडे बघत बसाल. फोन करताना ‘उद्या तोडा आहे का’ एवढं नक्की विचारा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कलिंगडं येतात. तयार कलिंगड ओळखायला मुलांना शिकवा : देठाजवळचा ताणा वाळलेला, जमिनीला टेकलेला डाग पांढऱ्याचा पिवळा झालेला आणि टिचकीला आवाज बोदा. तिन्ही खुणा जुळल्या तरच तोडायचं, कारण कलिंगड तोडल्यानंतर गोड होत नाही.

मार्च ते मे काजू, फणस, भिरंड, मानकुराद आंबा. चव सर्वांत भारी याच दिवसांत, पण ऊन आणि चीकही याच दिवसांत. आंबा बोटभर देठ ठेवूनच उतरवायचा. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, तिथे काळा डाग पडतो आणि तिथूनच आंबा कुजतो. म्हणून झेल्याला (आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीला) पातं असतं. काठीने झोडपायला मालकांनी हरकत घेतली तर ती रास्त आहे.

पावसात तोडायला थोडंच, बघायला पुष्कळ : भाताची लावणी, पाटांतून खळाळणारं पाणी, फुटलेल्या जायफळातून डोकावणारी लाल जायपत्री. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आसपास भरडावर, म्हणजे उंचावरच्या जमिनीत, तवशी (काकड्या), दोडकी, भेंडी असतात.

वेळ सकाळी साडेसात ते दहा. उन्हात तोडलेली पालेभाजी घरी पोचेपर्यंत मान टाकते. दहानंतर घरची माणसंही दुसऱ्या कामांत अडकलेली असतात.

काजूच्या बागेत धाकट्याने बी दातांनी फोडायचा प्रयत्न केला. ओठांना फोड आले. बोंडू तर तो नेहमी खातो. मग हे कशाने?
— एक वाचक, डिचोली

बोंडूने नाही, बियेच्या टरफलाने. टरफलाच्या दोन थरांमध्ये जाळीदार भाग असतो, त्यात दाहक तेल भरलेलं असतं. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले, आणि बिब्बा उततो तसंच हे तेलही उततं. कातडीला लागलं की काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी जळजळ, काळपट डाग, फोड. लगेच काही दिसत नाही म्हणून मुलं निर्धास्त राहतात आणि त्याच हाताने डोळे चोळतात.

लागल्याबरोबर खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसून घ्या, कारण ते तेल नुसत्या पाण्याने सुटत नाही. मग साबणाने दोन-तीनदा धुवा. फोड फोडू नका. डोळ्याला लागलं असेल, तोंड सुजलं असेल किंवा गिळायला त्रास होत असेल तर थेट डॉक्टरांकडे जा. कच्च्या बिया घरी आणून स्वयंपाकघरात भाजायच्या फंदातही पडू नका, तो धूर डोळ्यांना आणि छातीला झोंबतो.

बागेत नियम सोपा : झाडावरचा काजू तोडायचा नाही, खाली पडलेला वेचायचा. पूर्ण पिकलेलं बोंड आपोआप गळतं. आधी ओरबाडलेल्या काजूत गर भरलेला नसतो. बी पिळून वेगळी करायचं काम मोठ्यांनी हातमोजे घालून करावं. बोंडाला मीठ लावून खाल्लं की घशाची खवखव कमी होते, ती बोंडातल्या तुरटपणामुळे असते. रसाचा डाग कपड्यांवरून जात नाही, तेव्हा जुने कपडे घाला. वेचलेलं बोंड दुसऱ्या दिवशी आंबलेलं असतं, म्हणून आजच खाता येईल तेवढंच घ्या. भट्टीवर ताजा नीरो (बोंडांचा रस) प्यायला मिळाला तर तो सकाळीच प्या. उन्हात दोन-चार तास राहिला की आंबायला लागतो, आणि मग तो मुलांना द्यायचा नाही.

केरीच्या एका कुळागरातून दोन किलो हिरवी मिरी स्वतः तोडून आणली. गच्चीवर वाळवली, पण अर्धी करडी राहिली आणि बाकीचीला बुरशी. काय चुकलं?
— एक वाचक, मडगाव

दोन वेगळ्या चुका आहेत.

करड्या, सुरकुतलेल्या, हलक्या दाण्यांचं कारण तोडणीत आहे. घोसातला एखाद-दुसरा दाणा पिवळा-तांबडा झाला की तो घोस तयार. पूर्ण हिरव्या घोसात दाणा भरलेला नसतो. तोडताना घोस देठाशी नखाने खुडायचा, वेल ओढायचा नाही. मिरवेल मुळांनी खोडाला चिकटून वर जातो, एकदा सुटला की परत धरायला त्याला फार वेळ लागतो. शिवाय घोस येतात ते आडव्या फांद्यांवर, आणि त्या नाजूक असतात. म्हणूनच मालक पाहुण्यांना खालचे घोस तोडू देतात आणि शिडीवर स्वतः चढतात.

बुरशीचं कारण वाळवणीत. तोडलेले घोस पिशवीत बांधून रात्रभर ठेवले असतील, किंवा वाळत घातलेली मिरी संध्याकाळी आत घेतली नसेल आणि तिने दव खाल्लं असेल. पुढच्या वेळी असं करा : त्याच दिवशी दाणे घोसावरून सुटे करा. फडक्यात सैल बांधून उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवा, काढा, निथळवा. याने वरची घाण व जंतू जातात, दाणा लवकर वाळतो आणि सगळा एकसारखा काळा होतो. एक मिनिटाहून जास्त नको, नाहीतर रंग पक्का बसत नाही आणि वासही उतरतो. मग स्वच्छ चटईवर एकेरी थरात कडक ऊन चार-पाच दिवस, दिवसातून तीन-चारदा हात फिरवून. शेणाने सारवलेल्या जमिनीवर थेट वाळवू नका.

दोन किलो हिरव्या दाण्यांची साधारण साडेसहाशे-सातशे ग्रॅम काळी मिरी व्हायला हवी. नऊशे भरली तर ओल बाकी आहे असं समजा. दाताखाली कटकन फुटली तर तयार, दबली तर अजून ऊन द्या. बुरशी आलेली मिरी धुऊन वापरू नका, टाकून द्या.

गाईला प्रेमाने पाव आणि भात भरवत होतो, तर शेतावरच्या काकूंनी रागाने थांबवलं. आपल्याकडे गोग्रास देतातच ना?
— एक वाचक, वास्को

काकूंचं बरोबर होतं. गोग्रास म्हणजे एक घास. रविवारी दहा कुटुंबं आली आणि प्रत्येकाने चार पाव दिले की चाळीस पाव झाले. गाय चारा पचवते ती पोटातल्या जंतूंच्या जोरावर. पाव, भात, पीठ एकदम पोटात गेलं की तिथे आम्ल वाढतं, जनावर रवंथ थांबवतं, पोट फुगतं, आणि प्रमाण मोठं असेल तर दगावतंही. हे तुम्ही घरी गेल्यावर, रात्री, घडतं. तुम्हाला कळतसुद्धा नाही.

शेतकरी जे हातात देईल तेच भरवा : हिरवं गवत, केळीची पानं, बकरीला फणसाचा पाला. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ती जिभेने गवत ओढून घेते. म्हणून लांब गवताची जुडी शेवटाला धरून पुढे करा, बोटं लांब राहतील. प्लॅस्टिकची पिशवी हातात घेऊन गोठ्यात शिरूच नका, गुरं ती चघळतात.

जवळ जाताना समोरून थोडं बाजूने, बोलत जा, म्हणजे तिला तुमची चाहूल लागते. मागून कधीच नाही. हात लावायचा तर मानेला किंवा गळ्याखालच्या पोळीला. कपाळावर थोपटू नका. बकऱ्याच्या कपाळाला हाताने रेटण्याचा खेळ तर अजिबात नको, त्यातून तो टक्कर द्यायला शिकतो आणि पुढच्या मुलाला आडवा करतो. नुकत्याच व्यालेल्या गाईपासून आणि पिल्लं असलेल्या कोंबडीपासून लांब राहा. सशाला कान धरून उचलू नका. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. गरोदर बाईंनी व्यायला आलेल्या शेळ्यांजवळ जाऊ नये, व्याल्यावर पडणाऱ्या वारेतून होणारे आजार गर्भाला धोकादायक असतात.

नंतर साबणाने हात धुवा, वीस सेकंद, नखांसकट, आणि मगच खा. सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका, शेण लागलेल्या हातावर तो पुरेसा काम करत नाही. एकाच दिवशी दोन गोठे बघणार असाल तर मध्ये चपला धुवा किंवा बदला. लाळ्या-खुरकूत चपलेच्या मातीतूनही जातो.

गोठ्यात पांढरी, मध्यम बांध्याची गाय दिसली तर विचारा, कदाचित ती श्वेतकपिला असेल, गोव्याची नोंदणी झालेली स्वतःची देशी जात. ती पाळणाऱ्या घरांना आवर्जून भेट द्यावी असं आम्हाला मनापासून वाटतं.

धारोष्ण दूध मुलांना द्यावं का?
— एक वाचक, कुडचडे

नाही. कच्च्या दुधातून क्षय, ब्रुसेलोसिससारखे आजार येतात. गोठा कितीही स्वच्छ असला तरी उकळी आणूनच द्या.

सत्तरीत काजूच्या बागेत जायला घरचे नको म्हणतात, माकडतापाची भीती घालतात. खरंच एवढं आहे का?
— एक वाचक, साखळी

भीती अनाठायी नाही, पण काळजी घेऊन जाता येतं. हा ताप १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडे प्रथम ओळखला गेला आणि २०१५ पासून सत्तरीत त्याचे रुग्ण आढळले. पसरतो तो गोचिडीच्या चाव्यातून. पिल्लगोचीड मोहरीएवढी असते, सहज दिसत नाही. कोरड्या दिवसांत, डिसेंबर ते मे, ती जास्त असते, आणि नेमका तोच काजूचा हंगाम.

बागेत जाण्याआधी स्थानिकांना विचारा : आसपास माकड मेलेलं सापडलं आहे का? असेल तर त्या बागेत जाऊ नका. पूर्ण बाह्यांचा फिक्या रंगाचा शर्ट घाला, पँटचे पाय मोज्यांत खोचा, उघड्या अंगाला कीटकरोधक मलम लावा. पातेऱ्यावर (वाळक्या पाल्यावर) बसू नका, डबा खायला घराच्या अंगणात या. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, साबणाने अंघोळ करा आणि काखा, कमरेची घडी, कानामागे, गुडघ्यामागे नीट तपासा. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. काडी ओढून जाळू नका, रॉकेल लावू नका.

चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना बाग कुठली आणि गेलात कधी हे आपणहून सांगा. ते सांगितलं नाही तर तो साधा ताप धरला जातो. सत्तरीत वाळपईच्या सामाजिक आरोग्य केंद्रात जाता येईल.

यंदा माटोळीचं (चवथीला गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या मांडवीचं) सामान शेतावरूनच स्वतः आणावं म्हणतो. जमेल?
— एक वाचक, काणकोण

जमेल, पण आठवडाभर आधी सांगून ठेवा. सुपारीचा घोस उतरवायला पाडेली (झाडावर चढणारा कामगार) लागतो, आणि चवथीच्या दोन दिवस आधी त्याला कुणीच मोकळं सोडत नाही. पावसात खोड निसरडं असतं, स्वतः चढायचं धाडस नको. आंबाडे, तोरिंजन, केळीचा घड हे तुम्ही उतरवू शकता, वाहतुकीत मार लागू नये म्हणून घड केळीच्या पानांतच गुंडाळा. रानातून वेचताना कवंडळाकडे लक्ष ठेवा. फळ लालभडक, मुलांना भुरळ घालणारं, पण विषारी. बांधताना ते मुलांच्या हातापासून उंच ठेवा आणि नंतर हात धुवा.

तोडलेल्या मालाला बाजारापेक्षा जास्त दर घेतात. कष्ट आपणच करायचे आणि वर जास्त पैसे?
— एक वाचक, पणजी

नवख्या हाताने तोडताना कच्चं निघतं, फांद्या मोडतात, वाफे तुडवले जातात, आणि घरातलं एक माणूस तुमच्यासोबत दोन तास असतं. तो दर त्या सगळ्याचा आहे. सुपारी, काजूबी, नारळाचा चालू दर हवा असेल तर गोवा बागायतदार संस्थेच्या विक्रीकेंद्रात विचारा. घासाघीस करायची ती जाण्यापूर्वी फोनवर. तोडल्यावर ‘एवढं नको’ म्हणून निम्मं परत ठेवणं मात्र बरं नव्हे, तोडलेली भाजी झाडाला परत लागत नाही.

सासूबाई पंच्याहत्तर वर्षांच्या, गुडघे दुखतात. त्यांना नेता येईल का?
— एक वाचक, म्हापसा

न्या, जानेवारीत. कुळागरं उतारावर असतात, पायऱ्या चिऱ्यांच्या आणि उंच, पावसाळ्यात त्यांवर शेवाळ. पाटावर पोफळीच्या खोडांचा साकव असतो, तो त्यांना ओलांडायला लावू नका. गाडी खळ्यापर्यंत जाते का आणि शौचालय किती अंतरावर आहे, हे आधी विचारा. काठी सोबत घ्या, आणि खुर्ची मांडताना वर बघा : माडाखाली नको.